झबल्याची प्रतवारी

"डोस्कं फिरलं या मानसाचं. रिटायर झाला, पन ग्रेडरकी काही गेली नाही."

मैनाबाई हे कुणाला म्हणाल्या नव्हत्या, परातीतल्या कणकेला म्हणाल्या होत्या. पण त्यांची सून संध्या पाठीशीच, हातभर अंतरावर फ्रिज उघडून उभी होती, त्यामुळे कणकेच्या आधी तिलाच ऐकू आलं. तिने न ऐकल्यासारखं दूध काढलं आणि बाहेर डोकावून पाहिलं. सासरे, देवमनराव, दिवाणावर मांडी घालून बसले होते. डोळे मिटलेले. हातात नातीचं एक झबलं होतं आणि ते उलटं करून कोपराच्या आतल्या बाजूला हळूहळू घासत होते.

"शिवण टोचते," डोळे न उघडताच ते म्हणाले. "हे उलटंच घालाचं. शिवण बाहीर."

देवमनराव तीस वर्षं सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढायचा, डोळे मिटायचे आणि धाग्याची लांबी सांगायची. नंतर मशिनी आल्या, तर मशिनी त्यांच्याशी जुळतात का ते लोक पाहायचे. निवृत्तीनंतर अकोल्याच्या या दोन खोल्यांच्या घरात त्यांच्या बोटांना काही काम उरलं नव्हतं. आणि साडेतीन महिन्यांपूर्वी नात झाली.

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक कापडाची प्रतवारी होऊ लागली. संध्याच्या नवऱ्याच्या, ललितच्या ऑफिसातून आलेला चेनवाला सूट, "चेन हनुवटीले लागन," म्हणून नापास. मैनाबाईंच्या भाचीने आणलेले हातमोजे, "पोरगी बोटं चोखनार नाही त काय मोजे चोखन?" म्हणून नापास. मेमध्ये आलेली लोकरीची टोपी तर त्यांनी हातातही घेतली नाही. वाईट मालाला ते एकच शब्द वापरत: फरदड. म्हणजे शेवटच्या वेचणीचा, पालापाचोळा मिसळलेला कापूस.

संध्याला सुरुवातीला हसू यायचं. मग एक दिवस तिने पाहिलं की झबल्यांचे मागचे बंद काढून कुणीतरी पुढे शिवलेत. "दिवसभर पाठीवर पडून रायते ते," देवमनराव म्हणाले, "गाठीवर कोन झोपन? तू झोपशीन?" बाळाच्या कपड्यांवरची कंपनीची सगळी लेबलं त्यांनी ब्लेडने एकेक टाका उसवून काढली होती, ओढून नाही. नवा कपडा तीनदा धुतल्याशिवाय बाळाच्या अंगाला लागत नसे. आणि त्यांचे स्वतःचे जुने, विरत चाललेले मलमलचे सदरे एकामागून एक कमी होत होते. पंचेचाळीस डिग्रीच्या अकोल्यात शेजारपाजारची पोरं घामोळ्यांनी किरकिरत असताना हिच्या अंगावर पुळी म्हणून नव्हती. संध्या मनातल्या मनात त्यांना हात जोडायची. तोंडावर मात्र म्हणायची, "बाबा, चहा घेता?"

उद्या बाळाचं नामकरण होतं, आणि घोळ होता तो फ्रॉकचा.

फ्रॉक पाठवला होता संध्याच्या आईने, जयवंताबाईंनी. अमरावतीहून ओळखीच्या माणसाबरोबर काल खोका आला आणि तो सगळ्यांनी मिळून उघडला. राणी रंग. खाली जाळीचे सात थर. छातीवर जरी, टिकल्या आणि मधोमध एक भलंमोठं कडक फूल. मागे बांधायला सॅटिनच्या लांब पट्ट्या. एक वर्षाच्या मापाचा, वाढत्या अंगाचा. मैनाबाईंनी बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

"लय सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

"सुंदरच आहे," ललित म्हणाला.

संध्याकाळपर्यंत जयवंताबाईंचे चार फोन आले. "घालून पायला का व?" संध्या चारही वेळा म्हणाली, "लय सुंदर आहे, मम्मी." पुढचं वाक्य प्रत्येक वेळी घशापर्यंत यायचं आणि परत जायचं.

कारण त्या फ्रॉकच्या मागे काय होतं ते तिला माहीत होतं. संध्या चार वर्षांची असताना वडील गेले. जयवंताबाईंनी भातकुलीच्या शाळेत मास्तरकी करून तिला वाढवलं. लहानपणी तिचे सगळे फ्रॉक शाळेच्या गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचे. दिवाळीलाही निळाच, फक्त लेस लावलेला. खोक्यात चिठ्ठी होती: "तुले घेता आला नाही. हिले घेतला. नामकरणाले हाच घाल." अशा चिठ्ठीला 'टोचते' म्हणून कसं उत्तर द्यायचं? आणि या उन्हात ते टिकल्यांचं चिलखत त्या एवढ्याशा अंगावर चढवायचं तरी कसं? रात्री तिला झोप लागली नव्हती.

सकाळी देवमनराव म्हणाले, "प्रतवारी केल्याशिवाय माल आत येत नसते."

"बाबा, हा राहू द्या," संध्या म्हणाली. "हा मम्मीचा आहे."

"म्हनूनच. उगीच कोनाच्या मालाले नाव ठिवनं बरं नाही. पोरीले बोलता येत नाही, मले येते. दोन घंटे मी अंगावर ठिवतो. नाही टोचला त उद्या खुशाल घाला."

त्यांनी सदरा काढला, फ्रॉक छातीला लावला, फूल आतल्या बाजूला. जाळी दाबून पोटाशी बसवली. सॅटिनच्या पट्ट्या त्यांच्या पाठीला काही पुरेनात, म्हणून मैनाबाईंनी पायजम्याची नाडी जोडून मागे करकचून गाठ मारली. वरून सदरा. आरशात पोट सुटल्यासारखं दिसत होतं, एवढंच.

दहाव्या मिनिटाला ते खांदे हलवू लागले. पंधराव्या मिनिटाला दाराच्या चौकटीला पाठ घासू लागले. विसाव्या मिनिटाला म्हणाले, "फरदड. सोड व ते नाडी."

आणि दारावरची बेल वाजली.

"जय भीम, इवाई! शाळेतल्या मॅडमची गाडी अकोल्याले येऊन राह्यली होती, म्हटलं उद्याच्यापेक्षा आजच जाते." व्याह्यांना हाक मारत दारात जयवंताबाई, हातात दोन पिशव्या. आत शिरल्या शिरल्या त्यांनी नातीला घेतलं, तिचे गालगुच्चे घेतले आणि तिच्या अंगावरच्या मलमलच्या झबल्याकडे पाहून म्हणाल्या, "फ्रॉक उद्यासाठी ठेवला वाटते?"

"हो. जपून ठेवला," संध्या म्हणाली. ते खोटं नव्हतं.

देवमनराव ताठ बसले होते. वाकलं की जाळी करकरायची. त्यांनी दिवाणावरची चादर ओढून अंगाभोवती गुंडाळली.

"काहून जी, थंडी वाजते?" जयवंताबाईंनी विचारलं.

मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, अकोल्यात. पण आता दुसरं काय म्हणणार?

"हाव, जराशी कणकण आहे," देवमनराव म्हणाले.

"मंग कूलर काहून चालू ठेवला?" असं म्हणून जयवंताबाईंनी स्वतः उठून कूलर बंद केला.

त्या घरात जे जे हलत होतं ते थांबलं. मैनाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. "अजी, आतमंदी चला, पडा जरासे." आतल्या खोलीत नेऊन त्यांनी सदरा वर केला आणि गाठीला हात घातला. घामाने ती नाडी अशी बसली होती की नख शिरेना. "कातर आन," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. संध्या कातर घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग गरम पाण्याचा पेला घेऊन जयवंताबाई.

"कातर कशाले?"

"नखं," मैनाबाई म्हणाल्या.

"तापातल्या मानसाची नखं? राहू द्या, इहीनबाई. मी बसते याइच्यापाशी." त्यांनी देवमनरावांना पलंगावर बसवलं, चादर गळ्यापर्यंत नीट केली आणि कपाळाला हात लावला. "अंग त थंड आहे. घाम सुटून राह्यला."

"मंग उतरला ताप," देवमनराव आशेने म्हणाले आणि उठू लागले.

"उतरून राह्यला. अशातच जपा लागते. संध्या, अजून एक चादर दे."

संध्याने दिली. देताना तिने सासऱ्यांकडे पाहिलं. मिशांवरून घाम ठिबकत होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण माणूस चकार शब्द काढत नव्हता. 'तुह्या आईले वाईट वाटू नये,' असं ते डोळ्यांनी सांगत होते. संध्याला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी हसूही. तिने तोंड फिरवून बाळाची दुपटी पुन्हा एकदा घडी घातली. त्यांची घडी आधीच घातलेली होती.

असे अडीच तास गेले. जयवंताबाईंनी तुळशीचा काढा केला. गरम. तो त्यांना पाजला. मग जुन्या गोष्टी निघाल्या, मग उद्याच्या स्वयंपाकाच्या. बोलता बोलता मैनाबाईंच्या तोंडून नवऱ्याचं सकाळचं पाठ घासणंही निघालं. मधूनच देवमनराव 'स्स' करत.

"कुठं दुखते काय?"

"दुखत नाही जी. छातीले असं... आवळल्यावानी होते."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, पण उशीर झाला होता. जयवंताबाई उभ्याच राहिल्या. "घाम. छातीत आवळनं. अन् सकायपासून पाठ घासून राह्यले, हे इहीनबाईनंच सांगितलं. संध्या, ललितले फोन लाव! रिक्षा घेऊन ये म्हना!"

"मम्मी, तसं काही नाही..."

"तुले काय समजते? सरपंचाचे मेहुणे असेच गेले!" त्यांनी संध्याच्या हातून फोन घेतला आणि ललितला स्वतःच सांगितलं. मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला. जयवंताबाईंना वाटलं, त्या रडताहेत.

"घाबरू नका. प्रथमोपचाराचं ट्रेनिंग तीनदा झालं माझं. पयली गोष्ट, कपडे ढिले करा."

"नको, नको!" देवमनराव भिंतीकडे सरकले.

"लाजू नका, भाऊ. जीव म्हत्त्वाचा आहे." चादरी बाजूला झाल्या. पहिलं बटण सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं सुटायची वेळच आली नाही. अडीच तास दाबून ठेवलेली सात थरांची राणी जाळी, कापसाच्या गठ्ठ्याच्या लोखंडी पट्ट्या तोडल्यावर रुई फुगावी तशी, एकदम बाहेर आली आणि देवमनरावांच्या हनुवटीपर्यंत गेली.

त्याच वेळी ललित धावत आत आला. त्याने वडिलांकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पुन्हा वडिलांकडे.

"बाबा?" तो म्हणाला.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. ललित त्याला परत पाठवायला गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला.

जयवंताबाईंनी देवमनरावांना खांद्याला धरून वळवलं, गाठीकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन बोटांनी ती कुठे दाबली कुणास ठाऊक, नाडी सुटून आली. पस्तीस वर्षं पहिलीच्या पोरांच्या चड्ड्यांच्या नाड्या त्यांनी सोडल्या होत्या, ओल्यासुद्धा. मैनाबाईंचं तोंड कौतुकाने उघडंच राहिलं.

फ्रॉक गळून पडला. देवमनरावांच्या छातीवर ते फूल पाकळी न् पाकळी लालभडक उठलं होतं. भोवती टिकल्यांची नक्षी. जयवंताबाई त्या फुलाकडे खूप वेळ पाहत राहिल्या.

"कोनाचं डोकं हे?" शेवटी त्यांनी विचारलं. वर्गात विचारावं तसं.

"माहं," देवमनराव खाली मान घालून म्हणाले. "पोरीले बोलता येत नाही नं जी. म्हटलं आपल्याले येते, आपन पाहाव."

"तुमाले येते बोलता?"

"हाव."

"मंग अडीच तासापासून काहून नाही बोलले?"

देवमनरावांनी मैनाबाईंकडे पाहिलं. मैनाबाईंनी पंख्याकडे पाहिलं. "फ्रॉक मात्र लय सुंदर आहे, इहीनबाई," त्या म्हणाल्या.

संध्याने बाळाला उचलून घेतलं. मलमलच्या आत ते अंग गार होतं, मऊ होतं आणि आपल्याच नादात पाय झाडत होतं. चार फोनांपासून घशात अडकलेलं वाक्य आता मागे जाईना.

"मम्मी," ती म्हणाली, "तो टोचते व. मी नाही घालणार हिले."

जयवंताबाईंनी वाकून फ्रॉक उचलला, जाळीचा एकेक थर सरळ केला, कुणाकडेही न पाहता त्याची घडी घातली.

"हव," त्या म्हणाल्या. "मले त दुकानातच टोचला होता."