विमानाची तीनदा पूजा

"माझ्या हातानं चालू न होणारं इंजान अजून कारखान्यात घडलं न्हाय!" असं शिवदासने सोसायटीच्या ओट्यावर चारचौघांत ठणकावलं आणि तिथेच तो फसला.

त्या वर्षी रेवसच्या मच्छीमार सोसायटीला पहिलीवहिली इंजिनाची होडी मिळणार होती. वल्ही मारून शिवदासच्या खांद्यांचा भुगा झाला होता, त्यामुळे तिचा ड्रायव्हर व्हायचंच असा त्याचा हट्ट. एका लाँचवर दोन महिने त्याने इंजिन पुसलं होतं, तेवढ्यावर ही सगळी ऐट! दुसरा उमेदवार नामा. चेअरमन तुळशीराम नाखवांनी वाद मिटवायला घरातून एक खेळण्यातलं विमान आणलं. बोटीवर नोकरीला असलेल्या भाच्याने ते विलायतेहून आणलेलं. हातभर लांब, नाकावर पंखा, पंख्यामागे लिंबाएवढं खरंखुरं इंजिन.

"आज भरती पुरी चढायच्या आत हे चालू करून धक्क्यावर दाखव. होडी तुझी. न्हाय जमलं तर नामाची."

"एवढुसं? चहा निवायच्या आत करतो!"

घरी येताच बायको केसर आडवी आली. "अवो, नवं यंत्र हाय, तसाच हात घालता?"

होडी असो नाहीतर शिवणयंत्र, पूजेशिवाय कोण हात लावतो! केसरने हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. शिवदासनेही हात जोडले. मग विमानासोबत आलेल्या बाटलीतलं तेल घातलं आणि बोटाने पंखा फिरवला.

फुट्ट! आणि गप्प. वर पंख्याने उलटं फिरून बोटावर असा फटका दिला, की शिवदासला सात पिढ्या आठवल्या.

पन्नासदा फिरवलं. इंजिनाच्या डोक्यावरचा स्क्रू आवळला, सैल केला. शेवटी वैतागून अख्खं इंजिन रॉकेलने धुतलं, वाळत ठेवलं आणि तो पाना शोधायला गेला. परत येऊन पंखा फिरवला. फुट्टसुद्धा नाही!

"आत्ता धुतलं आणि आत्ता बिघडलं?" तो डोकं खाजवत म्हणाला. "आणि हे कुंकू कसलं? रॉकेलनंपण निघत न्हाय!"

बाहेर पाणी चढायला लागलं होतं. या वेळी त्याने हवा ओढायच्या भोकात सुई घातली. आतून बाहेर आला तांदळाचा दाणा. मग दुसरा. मग कुंकवाचा ओला गोळा.

तेवढ्यात त्याची आई नीराबाई हातात ताट घेऊन आली, हळदकुंकू, अक्षता, सगळं जय्यत.

"आये, हे काय?"

"पहिली पूजा केसरनं केली. तू पाना शोधत होतास तवा मी केली. दोनदा करून पावला न्हाय, म्हणून ही तिसरी."

"नको! हात लावू नको त्याला!" शिवदासने विमान उचललं आणि तो धक्क्याकडे धूम पळाला. मागून नीराबाई, तिच्या मागून केसर. धक्क्यावर अख्खी सोसायटी, आणि नामा तर हसतच उभा. शिवदासने देवाचं नाव घेतलं, पंखा फिरवला आणि त्याच घटकेला केसरने लांबूनच मूठभर अक्षता फेकल्या. त्या सगळ्या शिवदासच्या टाळक्यावर.

टर्रर्रर्र!

"केसरच्या हाताला गुण हाय गो!" बायका ओरडल्या.

शिवदासने खरं सांगायला तोंड उघडलं. पण त्याच्याच घरचे तांदूळ शोधायला त्याला अर्धा दिवस लागला, हे कळलं तर होडी नामाची! त्याने तोंड मिटलं. "व्हय," तो कसनुसं हसला, "तिचाच गुण."

नाखवा खूश झाले. "होडी शिवदासची! अट एकच. रोज होडी सुटायच्या आधी केसरनं इंजानाची यथासांग पूजा करायची, अक्षता हात राखून न्हाय टाकायच्या!"

टाळ्या पडल्या. शिवदासने नाखवांना जरा बाजूला घेतलं.

"नाखवा, मोठ्या इंजानाचं हवा ओढायचं भोक केवढं असतंय वो?"

"अख्खी मूठ जाईल एवढं! का रे?"

शिवदास धक्क्यावरच मटकन खाली बसला.