आतून पाहिलेली बिजागरी

कचेरीत बावीस वर्षं नकला करणाऱ्या माणसाने हातात पेचकस धरू नये, असा काही सरकारी नियम नाही. असता, तर गंगाराम शिवलकरांनी तो अक्षरशः पाळला असता आणि त्या रविवारी जे घडलं ते टळलं असतं.

माजघरात त्यांचं एकाच दाराचं उंच सागवानी कपाट होतं. ते दार खाली बसलं होतं. उघडलं की चौकटीला घासून असं केकाटे की शेजारच्या हौसाबाई विचारत, "कोण आजारी आहे हो?" एरवी याचं कोणाला काही वाटत नसे, पण त्या दिवशी चार वाजता पावस गावचे आप्पा भाटकर आपल्या बहिणीला घेऊन शिवलकरांच्या मुलीला, मालनला, बघायला यायचे होते. मुलगा शाळामास्तर, घरची आंब्याची बाग. असं स्थळ रोज दारात येत नाही.

"त्यांच्यासमोर तबक काढायला गेलीस आणि कपाट ओरडलं तर?" गंगाराम म्हणाले.

"तबक आत्ताच काढून ठेवते. झालं!" त्यांच्या पत्नी दमयंतीबाई म्हणाल्या.

इतका सोपा उपाय कुठल्या यजमानाला पटलाय? "अगो, रोग बिजागरीत आहे. वाईच सरकवली की दार लोण्यासारखं फिरेल."

"केरू सुताराला बोलावू का?"

"चार स्क्रू पिळायला सुतार?"

गंगारामांनी अंगरखा काढला, पंचा नेसला, कपाटातले कपडे खाटेवर रचले, खालच्या फळ्या उपसल्या आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले. पण बिजागरी सरकवायची किती, नि कुठल्या बाजूला? यावर त्यांना एक युक्ती सुचली. (त्यांना युक्ती सुचली की दमयंतीबाई देवाजवळ दिवा लावत.) आत उभं राहून दार ओढून घ्यायचं, फटीतून उजेड जिथून जास्त येईल तिथे खोट!

ते आत शिरले. दार ओढलं. सैल झालेलं दार दोन बोटं खाली उतरलं आणि चौकटीत पाचरीसारखं बसलं.

"दिसला का उजेड?" बाहेरून प्रश्न आला.

"उजेड आहे. दार उघड."

दमयंतीबाईंनी मूठ धरून ओढली. मूठ हातात आली, दार जागेवरच.

तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "शिवलकर आहेत का घरात? भाट्याच्या खाडीला भरती मिळाली, तरीची होडी लगेच सुटली. दोन तास आधीच आलो!"

"मी घरात नाही म्हणून सांग!" कपाट कुजबुजलं.

दमयंतीबाईंनी खाटेवरच्या ढिगावर चादर टाकली, पदर सावरला आणि पाहुण्यांना माजघरात बसवलं. ओटीवर दुपारचं ऊन होतं, दुसरी जागाच नव्हती. आप्पा भाटकर भरदार मिशांचे, बोलायला तोलून-मापून. बहीण गंगुबाई चौकस.

"यजमान?"

"कचेरीत. साहेबांनी अचानक बोलावलं."

"रविवारी?"

"ह्यांच्यावाचून तिथलं पान हलत नाही हो."

आत अंधारात गंगारामांची छाती फुगली. पण कपाटात फुगायला जागा नव्हती, म्हणून ते तेवढं आवरलं.

मालन चहा घेऊन आली. गंगुबाईंनी सांदणं येतात का, घावणे येतात का, ओव्या येतात का, सगळं विचारून घेतलं. मालन खाली बघून हळू हळू उत्तरं देत होती. घामाने भिजलेले गंगाराम श्वास रोखून प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते.

"शिक्षण?" आप्पांनी विचारलं. "मुलगा मास्तर, म्हणून विचारतो."

मालन बावरली. "चार इयत्ता."

"पाच!" कपाट गरजलं. "पाचवीत पहिला नंबर होता!"

गंगुबाईंच्या बशीतला चहा लुगड्यावर सांडला. "अगो बाय माझे! कपाट बोललं!"

"उंदीर हो," दमयंतीबाई कशाबशा म्हणाल्या. "फार झालेत हल्ली."

"पाचवीपर्यंत शिकलेले?" आप्पांनी विचारलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. गंगारामांनी खांद्याचा जोर लावला. वरची बिजागरी सुटली, मग खालची, आणि दारासकट वधूपिता पालथे पडले ते थेट आप्पांच्या पायांशी. अंगावर पंचा, हातात पेचकस.

"अहो, उठा, उठा!" आप्पा पाय आखडत म्हणाले. "मुलीकडच्यांनी नमतं घ्यावं हे खरं, पण इतकं?"

दमयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीचं लग्न या बिजागरीत मोडलं, असंच त्यांना वाटलं. आणि मालन, इतका वेळ मान खाली घातलेली मालन, खुदकन हसली. थांबवू गेली तर जास्तच हसली. मग गंगुबाई हसल्या. शेवटी आप्पांच्या मिशाही हलल्या.

"मुलगी पसंत आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "आमच्या घरात हसणारं कोणी नव्हतंच."

गंगाराम उठून पंचा सावरू लागले. अंगात एकदम अवसान आलं. "मग आप्पासाहेब, याद्यांचं, देण्याघेण्याचं बोलायचं तर माझं असं म्हणणं आहे की..."

आप्पांनी हात वर केला आणि दमयंतीबाईंकडे वळले.

"विहीणबाई, पुढल्या रविवारी याद्या करायला येऊ. तोवर दार बसवून घ्या, आणि यजमानांना आम्ही परत जाईपर्यंत आतच राहू द्या."