धबधबा पाहण्याचा पास

ज्या वस्तूचा मालक ठरलेला नसतो, ती वस्तू माणसाला नीट दिसत नाही. आंबेनळी घाटाच्या अंगाला भोकरवाडीचा धबधबा कैक वर्षे आषाढात सुरू होऊन दिवाळीच्या आत आटत आला. पण तो कुणाला दिसल्याचा पुरावा नाही. मग भोवतालचे रान राखीव झाले, आणि त्याच पावसाळ्यापासून धबधबा दिसू लागला.

महाडचे वकील, दासगावचे व्यापारी हैदरच्या भाड्याच्या मोटारीतून येत (चढावर उतारूंनीच ती ढकलायची असल्याने ‘मोटारीबरोबर येत’ म्हणणे अधिक अचूक), वाहवा करीत, भजी खात आणि परत जात. जंगलाच्या कचेरीला यात खोट दिसली. राखीव रानातून लाकूड न्यायला पास लागतो, पाने न्यायला लागतो, मध न्यायला लागतो. ही मंडळी दिसायला रिकाम्या हाताने परतत. पण घरी महिनाभर धबधब्याचे वर्णन करीत. म्हणजे रानातून काहीतरी बाहेर जात होते. सबब दर खेपेला पैसे मोजून घ्यायचा, धबधबा पाहण्याचा पास सुरू झाला.

आता पाहणे नेमके कशाला म्हणायचे? हे ठरवण्यासाठी श्रीधर गुप्ते याला भोकरवाडीस धाडण्यात आले. श्रीधर नुकताच बी. एस्सी. होऊन कचेरीत उमेदवारी करीत होता, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर असते अशी त्याची अजून समजूत होती. त्याने ठरवले : पाण्यावरून निघालेला प्रकाश डोळ्यांत शिरला की पाहणे पुरे झाले. डोळे मिटून उभ्या असलेल्या इसमास पास लागू नये. (ऐकण्याचा प्रश्न त्याने पुढील सालावर ढकलला. वाडीने तो आवाज पिढ्यान्‌पिढ्या बिनपासाचा ऐकला होता, आणि मागली वसुली अवघड होती.)

पहिल्याच दिवशी रानाच्या नाक्यावरचा गार्ड हैबती याने आवडीला अडवले. आवडीचे भाताचे खाचर धबधब्याच्या डोक्यावर, ओढ्याकाठी. आणि तिकडे जायची एकुलती एक वाट धबधब्याच्या पायथ्यावरून.

“वहिनी, पास हाय का?”

“कसला रे पास?”

“धबधबा बघायचा.”

“मेल्या, मी बघायला चाललेय? खेकड्यांनी बांधाला बिळं पाडलीत. रोजच्या रोज लिंपली नाय तर बांध जाईल, लावणी जाईल.”

“पन वाट त्याच्याखालनं जाते. नजर पडनारच.”

“ह्या इरल्यातनं? ह्यातनं माजा नवरा दिसत नाय, तुजा धबधबा काय दिसतोय!”

श्रीधरला हे विधान तपासण्याजोगे वाटले. त्याने तिचे इरले डोक्यावर घेतले आणि वाकून ती वाट चालला. बांबूच्या आणि पानांच्या त्या ढालीखाली त्याला स्वतःची बोटे दिसली, दोन खेकडे दिसले, आणि शेवटी घसरून पडल्यामुळे चिखल फार जवळून दिसला. धबधबा दिसला नाही. ‘इरल्यातील बाई पाहत नाही,’ असा स्वच्छ निष्कर्ष त्याने कचेरीकडे पाठवला. उत्तर येईपर्यंत नियम तो नियम.

आवडी रोज सकाळी फावडे घेऊन नाक्यापाशी येई.

“आलं का उत्तर?”

“नाय, वहिनी.”

“आनि खेकडी बरी थांबतील तुमच्या उत्तरापायी!”

याच दिवसांत, एका रात्रीच्या मुसळधार पावसानंतर, धबधब्याने रंग बदलला. आजवर तो नुसता पांढरा होता. आता कड्यावरून कुणी काकवीची कढई कलती करावी तसा तो दाट आणि सोनेरी उतरू लागला. ढगांतून उन्हाची तिरीप आली की मधासारखा झळके, आणि खालच्या डोहात पितळेच्या पराती घासून ठेवल्यागत लखलखाट होई. बातमी महाडला पोचली. हैदरला दिवसाकाठी दोन खेपा कराव्या लागल्या. एका वकिलाने कारण विचारले, तेव्हा श्रीधरने सूर्यकिरणांचे वक्रीभवन समजावून दिले. सर्वांचे समाधान झाले.

मग कचेरीचे उत्तर आले. शास्त्रीय निष्कर्ष मान्य होता. त्यामुळेच बाब गंभीर झाली होती. सदर बाई सासरी आल्यापासून एका सरकारी धबधब्याखालून रोज जाते आणि एकदाही त्याच्याकडे पाहत नाही, ही राखीव मालमत्तेची हेळसांड होय. तिने एकवार साक्षीदारांसमक्ष धबधबा पाहावा, समाधान झाल्याचे तोंडी सांगावे. मग तिला कायमचा फुकट पास द्यावा.

मंडळी गोलाकार उभी राहिली. आवडीने इरले काढले आणि मान वर केली. तिने बराच वेळ पाहिले. कुणीही इतका वेळ पाहिले नव्हते. इतक्यात त्या सोन्यातून हिरव्या काड्यांचा एक झुबका खाली आला, त्यामागून दुसरा. आणि हिरव्या-पिवळ्या रंगांच्या मिलाफाला महाडकरांनी टाळ्या दिल्या.

“माजं खाचर हाय ते,” आवडी म्हणाली.

श्रीधरने ओंजळीत पाणी धरले. पाणी हळूहळू बोटांतून झिरपून गेले. तळहातावर माती राहिली. माती वक्रीभवनाने येत नाही, एवढे त्याला बी. एस्सी.पर्यंत शिकवलेले होते.

“वहिनी,” हैबती खाली बघत म्हणाला, “समाधान झालं म्हनून सांग. पास मिळंल.”

“आता पास घेऊन जाऊ कुठं रे?”

तिचा हुंदका समाधानाचा धरून पास देण्यात आला.

वाचकांनी मात्र महाडच्या वकिलांना हसू नये. ती काकवी, तो मध, त्या पराती आताच आपणही मन लावून पाहिल्यात, आणि खाचर त्याच वेळी वाहत होते. तेव्हा ज्यांना खेकड्यांची बिळे आठवली, त्यांनी खुशाल पुढे जावे. बाकीच्यांनी पास दाखवावा.