एर्नारच्या पायातली दोरी

नातवाच्या पायातली दोरी कापायला अख्ख्या कारागांदी शहरात प्राध्यापक सेइतकालींसारखा माणूस मिळणार नाही, असं झाउरेबाईंनी महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. चालायला लागलेल्या पोराच्या पायातली दोरी जो कापेल, त्याच्याच वळणावर पोर जातं! तिथे ऐरागैरा कशाला?

दोरीही त्यांनी स्वतः वळली. काळी-पांढरी लोकर, सहा पेड. घोडा बांधला असता तरी जागचा हलला नसता!

फक्त धाकटी लेक मेरुएर्त नडत होती. ती तंत्रशाळेत वायरमनचं शिकायची. झाउरेबाईंनी विहिणीला आणि साऱ्या जगाला 'वकिली शिकते' असं सांगून ठेवलेलं. "आज तरी कपडे बदलून ये गं!" असं बजावलं होतं; पण परीक्षा लांबली, आणि पोरगी थेट निळ्या डगल्यात हजर. खिशात पक्कड!

"वकिलांचा गणवेश बदलला वाटतं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"प्रात्यक्षिक होतं," झाउरेबाई घाईनं म्हणाल्या. "कायद्याचं!"

छोट्या एर्नारच्या पायांत दोरी बांधून त्याला पांढऱ्या कापडावर उभं केलं. प्राध्यापकांनी चांदीच्या मुठीची सुरी चालवली. दोरी ढिम्म! पुन्हा घासली. घाम आला, चष्मा घसरला.

"बाई, ही दोरी आहे की ट्रॅक्टरचा पट्टा?"

एर्नारनं भोकाड पसरलं आणि तो धपकन बुडावर आपटला.

"पडलं गं बाई! आता जन्मभर धडपडणार!" बायका कुजबुजल्या.

मेरुएर्त पुढे झाली. "सर, जरा याचे पाय धरा." पक्कड काढली. कट्ट!

एर्नार उठला तो तुरुतुरु कापड ओलांडून थेट तळलेल्या बाउरसाकांच्या परातीत! टाळ्या, हशा, मिठाईची उधळण! फक्त झाउरेबाई मटकन खाली बसल्या.

"मेले! माझा नातू आता वायरमन होणार!"



"वायरमन?" प्राध्यापक म्हणाले. "पण ही तर वकिली..."

झाउरेबाईंना जीभ चावायलाही उशीर झाला होता. मेरुएर्त हातातल्या पकडीकडे बघत उभी.

"होऊ दे की!" विहीणबाई बालझान बाउरसाक चावत म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात आमच्या घरचं सगळं वायरिंग हिनंच केलं. दोन मिस्त्री हात टेकून गेले होते!"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" झाउरेबाईंचा आवाज खोल गेला. "मग दर वेळी माझ्यासमोर तिला ती कायद्याची कलमं कशाला विचारायचात?"

"मला काय हौस आहे, विहीणबाई? हिनंच बजावलं होतं, 'मावशी, आईसमोर वकिलीचंच विचारत जा. तिला बरं वाटतं.'"