क्रुसाजवळ बसलेला अल्फान्सो

अर्बनने मुलीच्या लग्नात, भर मांडवात, चुलत भावाच्या हातातलं जेवणाचं ताट ओढून घेतलं होतं. अल्फान्सो एवढंच म्हणाला होता, की डुकराच्या मटणात व्हिनेगर जास्त पडलंय. तेव्हापासून मरोळच्या गावठाणात भिंतीला भिंत लागून असलेली ही दोन घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या उपवासकाळात अर्बन पापांची कबुली द्यायला गेला, तर फादर म्हणाले, "प्रार्थना नंतर कर. आधी जाऊन भावाची क्षमा माग."

"मागशील ना?" बायकोने, उर्सुलाने विचारलं.

"बघू."

बघू बघू करता गुड फ्रायडे जवळ आला. एका संध्याकाळी तो कारखान्यातून परतत होता. लाईट गेले होते. गावठाणातल्या जुन्या क्रुसापाशी एकच मेणबत्ती होती आणि तिच्या उजेडात अल्फान्सो बसला होता. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरं फडकं आवळलेलं, मयताचा जबडा बांधतात तसं. चेहरा पिठासारखा. ओठाच्या कोपऱ्यातून एक लाल रेघ खाली आली होती.

ते बघून अर्बनला कसंतरीच वाटलं. पण अंधार होता, बघायला कोणी नव्हतं. असा मोका परत कुठला? एका दमात तो म्हणाला, "अल्फान्सो, तुझ्या हातातलं ताट ओढायला नको होतं मी. मला माफ कर."

अल्फान्सोने डोळे रोखून त्याच्याकडे पाहिलं. हळूच उठला, अर्बनच्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. मग पाऊल न वाजवता तो बोळात नाहीसा झाला.

सकाळी देवळात मयताची घंटा वाजू लागली. घंटा वाजवणाऱ्या पेद्रूचा भाऊ रस्त्यावरूनच सांगत गेला, "अल्फान्सो गेला. काल दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही."

अर्बनच्या हातातला चहा कपातच राहिला. "काल दुपारी?"

"मग संध्याकाळी तुला भेटला तो..." रात्रीच त्याच्याकडून सगळं ऐकलेल्या उर्सुलाने छातीवर क्रुसाची खूण केली.

"बोलू नकोस."

खांदा अजून गार लागत होता. उर्सुलाने त्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. शेजारून रडण्याचा आवाज नव्हता. भिंतीपलीकडे खुर्ची सरकली आणि कोणीतरी खाकरलं, अगदी अल्फान्सोसारखं.

"गेलंच पाहिजे," उर्सुला म्हणाली. "सख्खे शेजारी आपण."

हार आणि मेणबत्ती घेऊन दोघं शेजारच्या दाराशी उभे राहिले. कडी वाजवायच्या आतच दार उघडलं. समोर अल्फान्सो होता, तेच पांढरं फडकं बांधून. अर्बनच्या हातातली मेणबत्ती खाली पडली.

"कोण आलंय?" आतून त्याची बायको बेला बाहेर आली. हार बघून थबकली. "अगं, तुम्ही चुकलात. तो बँडवाला अल्फान्सो गेला, तळ्यापलीकडचा. ह्यांनी काल दाढ काढली. दिवसभर बर्फ धरून बसले होते."

अल्फान्सोने तोंडातला कापूस काढला. "काल क्रुसाजवळ काय बोलत होतास रे? कानावरून फडकं घट्ट होतं. मला वाटलं, दाढेची चौकशी करतोयस. बोलता येईना, म्हणून खांद्यावर हात ठेवला."

"काही नाही," अर्बन म्हणाला.

"काही नाही कसं?" उर्सुलाने त्याला कोपराने ढोसलं.

तेवढ्यात मयताला निघालेली आळीतली माणसं गर्दीने दाराशी थांबली. अर्बन हार घेऊन ह्या दारात का उभा आहे, हे त्यांना बघायचंच होतं. काल अंधारात सरळ बाहेर पडलेले शब्द आज चारचौघांपुढे बाहेर येईनात. शेवटी अर्बनने जमिनीकडे बघत ते म्हटले.

"जरा मोठ्याने," अल्फान्सो म्हणाला.

अर्बनने पुन्हा म्हटले. ह्या वेळी वर बघून, आणि ते मागच्या माणसांनाही ऐकू गेले. कोणी हसलं नाही.

अल्फान्सोने त्याच्या हातातला हार घेऊन बेलाकडे दिला. खुंटीवरचा कोट अंगात चढवत तो लोकांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. आम्ही दोघं मिळून येतो."