ताऱ्याकडे निघालेला फ्लेक्स

धम्मपाल पगारे सरांनी कॉम्प्युटरवरची पृथ्वी आणखी लहान केली आणि रिकाम्या जागी संस्थेच्या खजिनदारांचा चेहरा बसवला. ते चिडले नव्हते. चिडायलाही अंगात जोर लागतो.

नाशिकच्या त्या शाळेत सरांचा उभा जन्म फळ्यावरचे सुविचार आणि पाहुण्यांच्या स्वागताचे बोर्ड रंगवण्यात गेला होता. निवृत्ती तोंडावर आलेली. अशात परदेशातल्या काही हौशी खगोलप्रेमींनी शाळांना कळवलं: एक चित्र पाठवा, आम्ही ते रेडिओलहरींवरून दूरच्या ताऱ्याकडे सोडू, तिकडे कुणी असलंच तर बघेल. सरांनी जीव ओतून चित्र काढलं. पृथ्वी, तिच्यावर एक बाई, एक बुवा आणि पुढे केलेला हात. आपलं एक तरी चित्र शाळेच्या फाटकाबाहेर जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण फोटोशिवाय आपल्याकडे साधी पाणपोई तरी उघडते का? मुख्याध्यापक म्हणाले, "अध्यक्षांचा फोटो नको?" झालं! अध्यक्ष खंडेराव अण्णा मधोमध आले. उपाध्यक्ष कांद्याचा लिलाव टाकून सटाण्याहून धावले. "सर, माझं डोकं अण्णांपेक्षा लहान का हो?" पाठोपाठ संचालक, माजी संचालक, खाली शुभेच्छुक. बाई गेली, बुवा गेला, हातही गेला.

पाठवायच्या दिवशी सगळे संचालक बघायला जमले. खंडेराव खूश झाले. "झकास! पण सर, हे बघून ते लोक खरंच आले तर?"

"येतील की, अण्णा," सर थकून म्हणाले.

"कुणाकडं?"

"सगळ्यात मोठा चेहरा तुमचा. तुमच्याकडंच उतरणार."

"म्हणजे जेवणखाण, झोपायचं...?"

"यजमानच बघतो ना ते."

खंडेरावांचा चेहरा उतरला. गेल्या कुंभमेळ्यात पर्वणीला म्हणून आलेला मेव्हणा त्यांच्याकडे दिवाळी करून गेला होता, तोही बायकापोरांसकट.

"काढा माझा फोटो!"

"अहो, मग आता मोठा मी झालो!" उपाध्यक्ष ओरडले. "माझाही काढा!"

मग काय, जो तो आपलं डोकं काढून घ्यायला धावला. शुभेच्छुकांनी तर फोनवरूनच शुभेच्छा परत घेतल्या. पडद्यावर उरली फक्त इवलीशी पृथ्वी.

सरांनी मुकाट्याने आपलं मूळ चित्र उघडलं. "संपर्कासाठी नाव कुणाचं टाकू?"

"तुमचंच टाका," मुख्याध्यापक म्हणाले, "पण पाहुणे आले तर शाळेकडं वर्गणी मागायची नाही हं!"

चित्र गेलं. सरांचे डोळे भरून आले. घरी येऊन त्यांनी चपला काढता काढता बायकोला, ज्योत्स्नाबाईंना, सगळं सांगितलं. "आणि खरंच आले गं, तर आपल्याच दारात येणार."

"येऊ द्या की," बाई म्हणाल्या. "तुमच्या संचालकांना इतकी वर्षं चहा-पोहे केलेच ना मी? हे निदान चित्र बघून तरी येतील."