पगाराच्या वादात गेलेली मिशी

पिंपळगाव राजा या गावात फारुखच्या सलूनमध्ये, गालावरचा साबण वाळेपर्यंत निवृत्ती एकाच विषयावर बोलत होता. त्याच्या लेकीला, जयमालाला, पगारदार नवरा मिळाला होता आणि रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं.

"जावयाले पगार आहे, फारुखभाऊ. आपल्यासारखं पावसासाठी आभायाकडे पाहनं नाही."

"हाव. पन पगार शब्द आमचा," फारुख वस्तरा पुसत म्हणाला. "तनखा, पगार, समदे उर्दूतले."

जावई आपला आणि त्याच्या पगाराचा शब्द मात्र दुसऱ्याचा, हे निवृत्तीला सहन होईना. "अस्सल मराठी शब्द आहे. लाव पैज."

फारुख हरला तर त्याने वर्षभर फुकट दाढी करायची; निवृत्ती हरला तर त्याची मिशी जायची. निवाड्यासाठी निवृत्तीच्या पुतणीला, प्राचीला, फोन लागला. ती बुलढाण्यात मराठीत एम.ए. करत होती.

"दोघंही चुकले, काका. पोर्तुगीज शब्द आहे. त्यांच्यात पगार म्हणजे पैसे चुकते करणं. जहाजातून आला अन् आपलाच झाला."

"म्हंजे दोघंही हरलो," फारुख म्हणाला. तो व्यवहाराला चोख होता. त्याने मिशी उतरवली आणि दाढीचे पैसे घेतले नाहीत.

डोक्यावर टोपी आणि नाकाखाली काही नाही, असा निवृत्ती घरी निघाला. या भागात बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढत नाही. वाटेत भावकीतल्या मोतीरामने त्याला पाहिलं आणि टोपीखाली मुंडण असणार हे गृहीत धरलं. दुःखात माणसाला प्रश्न विचारून त्रास देऊ नये, एवढी समज मोतीरामला होती. त्याने सरळ नातेवाइकांना फोन लावायला घेतले.

दुपारी रोहिणखेडहून निवृत्तीची बहीण पुष्पाबाई रडतच आली. ओट्यावर तिचे वडील, उकंडराव, शेंगा फोडत बसले होते.

"कोन गेलं वं बाई?" त्यांनी काळजीने विचारलं.

पुष्पाबाईने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भावाच्या ओठाकडे, आणि रडणं अर्धवट टाकून भावाला शिव्या द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला.

"लय वाईट झालं. आता सुतक. साक्षगंधाचं पुढच्या वर्षी पाहू."

दारात उभ्या जयमालाचा चेहरा उतरला. निवृत्ती घाईघाईने म्हणाला, "तसं नाही हो, बाबा आहेत."

"आहेतच ना. अशी मानसं मनातून थोडीच जातात?"

उकंडरावांनी फोन ओढून घेतला. "मी उकंडराव बोलून राह्यलो. रविवारी या. मी सोता वाढतो तुमाले."

पलीकडून दोनदा नाव विचारून झालं. मग रविवार पक्का झाला.

उकंडरावांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. "तुले कधी पगार भेटला?"

"नाही."

"फारुखले?"

"त्यालेही नाही."

म्हातारा पुन्हा शेंगांकडे वळला. "पगारदार अजून घरात यायचा आहे, अन् कपात आजच झाली."